मदत हवी आहे: लेव्हल केलेला मोवरचा डेक पुन्हा एका बाजूला उतरतो

बसून चालवायचा मोवर (गवत कापायचं यंत्र), ४२ इंची डेक (पात्यांवरचं पत्र्याचं आवरण), दोन पाती. कापलेल्या गवतात उजवीकडे पायरी दिसते. सपाट काँक्रीटवर, टायरची हवा सारखी करून, स्पार्क प्लगची वायर काढून पात्यांची टोकं जमिनीपासून मोजली. उजवी बाजू ८ मिमी खाली होती. लिफ्ट लिंकचा (डेक उचलणाऱ्या दांड्याचा) नट फिरवून फरक ३ मिमीच्या आत आणला. पुढचं टोक मागच्यापेक्षा ६ मिमी खाली आहे, ते बरोबरच.

थोडं गवत कापलं की उजवी बाजू परत उतरते. नटावरची रंगाची खूण हललेली नाही. पाती वाकलेली नाहीत, स्पिंडलमध्ये (पात्यांच्या आसात) खेळ म्हणजे ढिलेपणा नाही. उजव्या हँगरच्या (डेक ज्याला टांगलेला असतो त्या पट्टीच्या) पिनचं भोक मात्र लांबट झालंय, कडा चकाकतात. वेल्डिंग शक्यतो टाळायचंय. एवढ्या झिजेने डेक ५ मिमी उतरू शकतो, की आधी लिफ्ट शाफ्टचं (डेक वर-खाली करणाऱ्या दांड्याचं) बुशिंग, म्हणजे तो ज्यात फिरतो ती नळी, काढून बघावं?