दोन इंजिनांचं लहान विमान एकच इंजिन बंद पडलं तरी का कोसळतं?

मांडवीकाठ
मल्टी-इंजिन रेटिंगचा (दोन इंजिनांची विमानं उडवायच्या परवान्याचा) अभ्यास चाललाय आणि एक गणित जुळत नाही. दोनातलं एक इंजिन गेलं तर ताकद निम्मी होते, म्हणजे चढण्याचा वेगही निम्मा व्हायला हवा. पण अपघातांचे अहवाल वाचले तर चित्र भलतंच दिसतं. एक इंजिन धडधाकट चालू असताना विमान कुशीवर वळतं, उलटं होतं आणि धावपट्टीच्या पुढे पडतं. त्यापेक्षा एक इंजिनवाला वैमानिक निदान समोरच्या शेतात तरी उतरवतो. गोव्यात दाबोळीला नौदलाची डॉर्निअर विमानं रोजची, त्यामुळे घरात हा विषय निघतोच, आणि ‘एक बंद पडलं तर दुसरं आहे की’ म्हटल्यावर सगळ्यांचं समाधान होतं. माझं होत नाही. प्रश्न सेमिनोल, सेनेका अशा पिस्टन विमानांपुरता आहे. नेमकं बिघडतं कुठे?

निळी_रेघ
‘निम्मी ताकद म्हणजे निम्मी चढण’ इथेच गणित चुकतं. चढण होते ती उरलेल्या ताकदीवर. समजा दोन्ही इंजिनं मिळून ३०० एकक ताकद देतात आणि त्या वेगाला विमान नुसतं समतल ठेवायला १०० लागतात. चढायला उरले २००. एक इंजिन गेलं, राहिले १५०. वर विमान थोडं तिरकं चालतं, रडर (शेपटीवरचं उभं सुकाणू) पायाने दाबलेला असतो, बंद इंजिनाचा पंखा हवेला आडवा येतो, म्हणून समतल राहायची गरज समजा १२० वर गेली. उरले ३०. दोनशेचे तीस. म्हणून पुस्तकं म्हणतात की ताकद ५० टक्के जाते, पण चढण ८० टक्के किंवा त्याहूनही जास्त जाते. आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते. अमेरिकी नियमांनुसार प्रमाणित झालेल्या यातल्या बऱ्याच विमानांना, म्हणजे ६,००० पौंडांच्या आतल्या आणि ६१ नॉट किंवा त्याखाली स्टॉल होणाऱ्यांना (वेग घटून पंखांची उचल तुटते तो स्टॉल), एका इंजिनावर चढून दाखवायची सक्तीच नव्हती. सेमिनोलचं कमाल वजन ३,८०० पौंड. आता समजलं?

हे झालं न चढण्याचं. उलटं होण्याचं कारण वेगळं आहे. चालू इंजिन मधल्या रेषेपासून बाजूला बसलेलं असतं, ते नाकाला बंद इंजिनाकडे ढकलतं. त्याला अडवतो एकटा रडर, आणि रडरचा जोर वेगाच्या वर्गाप्रमाणे कमी-जास्त होतो. वेगदर्शकावर सेमिनोलची निळी रेघ, म्हणजे एका इंजिनावर सर्वांत चांगलं चढायचा वेग, ८८ नॉटवर; लाल रेघ म्हणजे व्हीएमसी, एका इंजिनावर विमान ताब्यात राहतं तो किमान वेग, ५६ वर. ८८ वरून ५६ ला आलात की तोच रडर जेमतेम ४० टक्के जोराचा राहतो, आणि चालू इंजिन मात्र तसंच ढकलत असतं. लाल रेघेखाली पाय टोकापर्यंत दाबला तरी नाक वळतच राहतं. बाहेरचा पंख वेगाने जाऊन वर उचलला जातो, आतला खाली बसतो, आणि तुम्ही अहवालात वाचलेलं दृश्य घडतं. म्हणून त्या क्षणी उपाय उलटा वाटतो तोच खरा: चालू इंजिनाचा थ्रॉटल (ताकदीचा दांडा) मागे आणि नाक खाली. जमीन जवळ दिसत असताना हे करायला हात धजत नाही, आणि नाक वर ओढलं जातं.

लाल रेघेवरचा आकडाही ठरावीक अटींचा असतो: समुद्रसपाटी, चालू इंजिन पूर्ण जोरात, बंद पंखा भिरभिरता, गुरुत्वमध्य सर्वांत मागे, गिअर (चाकं) वर, आणि चालू इंजिनाकडे पाच अंशांपर्यंत कल. पंख सपाट ठेवून उडवलंत तर हा कल जातो, आणि प्रत्येक अंशामागे व्हीएमसी सुमारे तीन नॉट वर सरकतं. ५६ चे ७० व्हायला वेळ लागत नाही. बॉल (विमान तिरकं सरकतंय का हे दाखवणारी उपकरणातली गोळी) मधोमध ठेवायची एक इंजिनवाल्यांची सवय इथे घात करते. तो चालू इंजिनाकडे अर्धा बाहेर दिसायला हवा. ‘क्रिटिकल इंजिन’ (जे गेल्यावर विमान सांभाळणं जास्त अवघड ते) कुठलं हे परीक्षेत विचारतात, पण सेमिनोल-सेनेकाचे पंखे एकमेकांविरुद्ध फिरतात, तिथे तसं काही नसतं.

हँगर_तीन
वरचं बरोबर, पण पंख्याबद्दल थोडं सविस्तर. बंद इंजिनाचा भिरभिरता पंखा म्हणजे पंखाच्या पुढे धरलेली गोल थाळी. तो फेदर केला, म्हणजे पात्यांची धार हवेच्या दिशेला वळवली, की ओढ एकदम कमी होते. दोन इंजिनवाल्या विमानात ऑईलचा दाब पाती बारीक कोनाकडे नेतो आणि वजनं, स्प्रिंग आणि कोंडलेला नायट्रोजन त्यांना फेदरकडे नेतात. म्हणजे ऑईल गेलं की पाती आपोआप फेदरला जातात. छान व्यवस्था, पण एक खोच आहे. जमिनीवर इंजिन रोज बंद करताना पाती फेदर होऊन बसू नयेत म्हणून हबमध्ये छोट्या खिट्ट्या असतात. फेऱ्या कमी झाल्या, सेमिनोलमध्ये साधारण ९५० च्या खाली, की स्प्रिंग त्यांना आत ढकलते आणि पाती अडकतात. मग लिव्हर कितीही मागे ओढा, फेदर होत नाही. ऑईलचा दाब पडत असताना, इंजिन खडखडत असताना ‘थोडं बघू’ म्हणणारा या खिट्ट्यांत सापडतो. इंजिन जॅम होण्याआधी लिव्हर ओढायला हवा.

क्रम पाठ असतो सगळ्यांना: मिक्स्चर (इंधन-हवेचं मिश्रण), प्रॉप (पंखा), थ्रॉटल पुढे, फ्लॅप (पंखांच्या मागच्या झडपा), गिअर वर, ओळखा, पडताळा, फेदर करा. ज्या बाजूचा पाय रिकामा, त्या बाजूचं इंजिन गेलं. चूक होते ती ‘पडताळा’ गाळल्यामुळे. संशयित इंजिनाचा थ्रॉटल हळूच मागे घ्या. काहीच बदललं नाही तर तेच मेलंय. नाक एकदम वळलं, आवाज पडला, तर हात चुकीच्या लिव्हरवर आहे. ४ फेब्रुवारी २०१५ ला तैपेईत ट्रान्सएशियाचं एटीआर-७२ पडलं, ४३ माणसं गेली. दोन नंबरचा पंखा फेदर झाला होता आणि बंद केलं गेलं एक नंबरचं चालू इंजिन. विमान मोठं, वैमानिक दोन, तरी हे झालं.

खारा_वारा
थोडा वेगळा सूर लावतो. या धाग्यात सगळं व्हीएमसीभोवतीच फिरतंय. दोन इंजिनांची लहान विमानं पडतात त्यात इंजिनं शाबूत असलेली प्रकरणंही बरीच आहेत. २१ फेब्रुवारी २०१७ ला मेलबर्नजवळ एसेंडनला किंग एअर बी-२०० उडालं आणि काही सेकंदांत एका शॉपिंग सेंटरवर पडलं, पाच जण गेले. रडर ट्रिम (रडर एका जागी टेकवून ठेवायची सोय) पूर्ण डावीकडे फिरवलेला राहिला होता. चेकलिस्टमधली एक ओळ. २२ डिसेंबर २०१५ ला दिल्लीत बीएसएफचं बी-२०० पडलं, दहा जण गेले. तिथे उड्डाणानंतर लगेच हेडिंग मोड (ठरलेली दिशा धरायची सोय) न निवडता ऑटोपायलट लावला गेला आणि विमान डावीकडे कलत गेलं.

आणि इंधन! दोन इंजिनं म्हणजे दोन टाक्या, क्रॉसफीडचे (एका बाजूचं इंधन दुसऱ्या इंजिनाला देणारे) व्हॉल्व्ह आणि चुकीच्या जागी ठेवायला दोन सिलेक्टर. एकाच गाडीतून चुकीचं इंधन भरलं तर दोन्ही इंजिनं एकदम जातात, मग दुसरं इंजिन असून उपयोग काय? ५ ऑक्टोबर २०१९ ला अमेरिकेत कोकोमोला एअरोस्टारमध्ये एव्हगॅसऐवजी (पिस्टन विमानांच्या पेट्रोलऐवजी) जेट इंधन भरलं गेलं होतं. हवाई कसरतींचे प्रसिद्ध वैमानिक बॉब हूवर यांच्या श्राइक कमांडरचंही १९७८ मध्ये तेच झालं. ते वाचले, आणि त्यातून जेटच्या नळीचं चपटं रुंद तोंड आलं, जे एव्हगॅसच्या ६० मिलिमीटरच्या भोकात शिरत नाही. पण हेलिकॉप्टरसाठी गोल तोंडाची नळी ठेवलेली असते, तीच लावली की बचाव संपला. फसवणूक अशी की पाइपमधल्या जुन्या एव्हगॅसवर टॅक्सी (जमिनीवर चालवणं) आणि रन-अप (उड्डाणाआधीची इंजिन-चाचणी) नीट होतो. जेट पोचतं ते चढताना.

मांडवीकाठ
देव बरें करूं सगळ्यांना. खारा_वारा बाब, मग डिझेल इंजिनाचं डीए-४२ हेच उत्तर का? ते जेट-ए१ वर चालतं आणि फेदर वगैरेही सोपं. आणि निळी_रेघ, मे महिन्यात दाबोळीहून एका इंजिनावर हे आकडे किती घसरतात?

खारा_वारा
एक काळजी जाते, दुसरी येते. मार्च २००७ मध्ये जर्मनीत श्पायरला डीए-४२ ची बॅटरी उतरलेली होती, बाहेरची वीज लावून इंजिनं सुरू केली. उड्डाणानंतर गिअर वर घेतला, त्याच्या मोटरने व्होल्टेज क्षणभर पाडलं, इंजिनांचे संगणक रीसेट झाले, आणि दोन्ही पंखे फेदर होऊन दोन्ही इंजिनं बंद. नंतर संगणकांना वेगळा राखीव वीजपुरवठा दिला गेला. बॅटरी उतरलेली असेल तर बाहेरच्या विजेवर सुरू करायची घाई नको, ती पूर्ण चार्ज करूनच निघायचं.

निळी_रेघ
मे महिन्याचा हिशेब. दाबोळीची उंची १८४ फूट. हवेचा दाब १००६ मिलिबार धरला तर प्रेशर अल्टिट्यूड (दाबावरून काढलेली उंची) साधारण ३८० फूट. त्या उंचीला प्रमाण तापमान १४ अंशांच्या आसपास, बाहेर ३४. फरक वीस, दर अंशाला १२० फूट, म्हणजे आणखी जवळपास २,४००. डेन्सिटी अल्टिट्यूड (हवेच्या विरळपणामुळे विमानाला जाणवणारी उंची) २,७०० च्या पुढे, आणि आपली दमट हवा त्यात वरून भर घालते. समुद्राला लागून असलेल्या तळावर विमानाला डोंगराळ भागात असल्यासारखं वाटतं. सेमिनोलसारखं विमान एका इंजिनावर थंड हवेत, समुद्रसपाटीला, मिनिटाला दोनशे फुटांच्या आसपास चढतं, तेही फेदर करून आणि वेग निळ्या रेघेवर तंतोतंत धरून. मेमध्ये पूर्ण वजनाने निघालात तर त्यातलं थोडंच हाती राहतं. गिअर खाली किंवा पंखा भिरभिरता राहिला तर तेही नाही.

या उष्णतेची आणखी एक बाजू: उंची वाढली की टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद घटते, म्हणून व्हीएमसी खाली येतं, पण स्टॉलचा दाखवलेला वेग तसाच राहतो. दोन्ही आकडे जवळ आले की नाक वळणं आणि स्टॉल एकदम होतात, आणि तो स्पिन (गरगरत खाली कोसळणं) असतो. म्हणून व्हीएमसीचा सराव भरपूर उंचीवर, वेग हळूहळू कमी करत, आणि स्टॉलची पहिली खूण दिसताच सोडून द्यायचा. खाली सराव करताना प्रशिक्षकाने मिक्स्चर कापू नये, थ्रॉटल मागे घ्यावा. खरं बंद झालेलं इंजिन पुन्हा सुरू होईलच असं नसतं.

दाबोळीला धावपट्टी सुमारे ३,४०० मीटर आहे, तो फायदा घ्या. टोकापासून निघा, इंटरसेक्शनवरून (मध्येच मिळणाऱ्या वाटेवरून) नको. पुढे धावपट्टी दिसते तोवर गिअर खालीच, आणि तेव्हा इंजिन गेलं तर दोन्ही थ्रॉटल मागे, सरळ उतरायचं. निर्णय टेक-ऑफच्या आधी मोठ्याने बोलून ठेवायचा: अमुक वेगाखाली थांबणार, गिअर वर गेल्यावर निळी रेघ धरणार. धावपट्टी २६ वरून, म्हणजे पश्चिमेकडे, निघालात तर पुढे समुद्र, त्यामुळे ‘वळून परत येऊ’ हा मोह होतो. कमी उंचीवर, बंद इंजिनाकडे वळत, वेग घालवत येणं हाच अपघाताचा नेहमीचा रस्ता आहे. निळी रेघ धरून विमान चढत नसेल तर सरळ, ताब्यात ठेवून, टेकताना पंख सपाट करून पाण्यावर.

हँगर_तीन
डॉर्निअरचा उल्लेख झालाय म्हणून: ते टर्बोप्रॉप (टर्बाइनने पंखा फिरवणारं) आहे, टीपीई-३३१ इंजिन. पंखा इंजिनाला उलटा फिरवू लागला की निगेटिव्ह टॉर्क यंत्रणा पाती आपोआप जाड कोनाकडे नेते. पिस्टनवाल्याला असा मदतनीस नाही, म्हणून दोन्हींची तुलना जपून करा.

गोव्यात उडवणाऱ्यांसाठी दोन बारीक गोष्टी. कुंभारीण माशी पिटॉटच्या (वेग मोजणाऱ्या) नळीत माती भरायला एका दुपारचा वेळ घेते. कव्हर विमान थांबल्याबरोबर घाला, आणि धावताना दोन्ही वेगदर्शकांचे आकडे जुळतात का बघा. वर निळ्या रेघेबद्दल इतकं बोलणं झालं, तो काटाच खोटा बोलत असेल तर? दुसरं, पावसाळ्यात टाकीत साचणारं पाणी. नमुना काढला आणि पाण्याची रेघ दिसली नाही म्हणून खूश होऊ नका. सगळी बाटली पाण्याचीच असली तर रेघ कुठून दिसणार? एव्हगॅस निळसर असतं, म्हणून बाटली पांढऱ्या पंखासमोर धरा, वास घ्या, आणि थेंबभर कागदावर टाका. एव्हगॅस उडून जातं, जेट मिसळलं असेल तर तेलकट कडं उरतं. सगळे ड्रेन (तळाचं पाणी काढायच्या तोट्या) काढायचे, क्रॉसफीडचासुद्धा, तो बरेचदा राहतो.