रविवारची सायकल आणि अंगावरचे कपडे: छत्रपती संभाजीनगरच्या एका सोसायटीच्या ग्रुपवर

ए-१०१ काका: नमस्कार मंडळी. रविवारी पहाटे आपल्या गेटवरून सायकलवाले निघतात. व्यायाम करतात, आनंदच आहे. पण ते अंगाला चिकटलेले कपडे घालून गेटपाशी अर्धा अर्धा तास उभं राहणं बरं दिसत नाही. समोर मारुतीचं मंदिर आहे, बायामाणसं पहाटेच येतात. साध्या पँट-शर्टवर सायकल चालत नाही का? आम्ही गुलमंडीवरून कॉलेजला पँट-शर्टातच जायचो.

सी-२०३: काका, सगळेच घालतात. मी पण अख्खं किट मागवतोय, काळी जर्सी, हेल्मेटला मॅचिंग. फोटो टाकू का?

बी-३०४ ताई: काका, गेटपाशी घोळका नको हे तुमचं म्हणणं मान्य. येत्या रविवारपासून आम्ही मागच्या पार्किंगमध्ये जमू. कपड्यांचं मात्र सविस्तर लिहिते, कारण हा विषय मला मनापासून महत्त्वाचा वाटतो.

ती घट्ट शॉर्ट शोभेची नाही. खुलताबादला जाऊन यायचं म्हणजे पन्नासएक किलोमीटर, त्यात मधे दौलताबादचा घाट. तेवढ्या वेळात मांडी सीटला हजारो वेळा घासते. साध्या पँटच्या सगळ्या शिवणी नेमक्या बसायच्या जागीच येऊन मिळतात. घट्ट कापडाला चुणी पडत नाही, म्हणून कातडी सोलवटत नाही. आत पॅड असतं, पूर्वी ते मऊ कातड्याचं असायचं, आता फोमचं असतं. जर्सीला मागे तीन खिसे असतात, कारण वाकून पायडल मारताना पँटच्या खिशातला मोबाइल मांडीत रुततो. आणि जर्सी मागून लांब असते. टी-शर्ट घालून वाकलं की कंबर उघडी पडते, जर्सीत पडत नाही. म्हणजे अंग झाकायचंच म्हटलं तर जर्सी जास्त झाकते.

पण हे सगळं लांबच्या अंतरासाठी. सिडकोतून क्रांती चौकात कामाला जायला यातलं काहीच लागत नाही. मी स्वतः ऑफिसला सुती कुर्त्यावर जाते.

सी-२०३: ताई, मग मी किट घेऊ का नको?

बी-३०४ ताई: आधी हेल्मेट आणि शॉर्ट घे. हेल्मेट डोक्याच्या मापाचं बघ, पट्टा आवळल्यावर हलायला नको. जर्सी नंतर. आणि काळी तर मुळीच नको, एप्रिल तोंडावर आलाय. शॉर्ट काळी असते ती वेगळी गोष्ट. पूर्वी लोकरीच्या शॉर्ट असायच्या, त्यांच्यावर चेनचं ग्रीस आणि कातडी सीटचा रंग लागायचा. तो दिसू नये म्हणून काळा रंग रूढ झाला. जर्सीला ते कारण लागू होत नाही, पाठीवर ऊन लागतं.

डॉक्टर (बी-२०१): एक भर घालतो. मुंबईकडचे लोक व्हिडिओत ठासून सांगतात, सायकलवर सुती कपडा घालूच नका. तिथल्या दमट हवेत ते बरोबर आहे. आपल्याकडे मार्च ते मे हवा कोरडी. सुती कापडातला घाम भराभर उडतो आणि उडता उडता अंग गार करतो. कमी अंतराला सैल, पांढरा, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट आपल्या उन्हाला उत्तम. डोक्याला दस्ती, तीही ओली करून.

पावसाळ्यात उलटं. ओला सुती कपडा अंगाला चिकटून बसतो, वाळत नाही, घासून जांघेत पुरळ येतं, कधी गजकर्ण होतं. तेव्हा पॉलिस्टरची जर्सी बरी. पॅडच्या शॉर्टच्या आत दुसरं काही घालायचं नाही, नाहीतर शिवण परत आलीच. आणि घरी आल्याबरोबर ती काढून धुवायची. घामेजल्या शॉर्टवर तासभर नाश्त्याला बसणारे पेशंट मी बघतो, म्हणून सांगतोय.

डी-००२ काकू: मला एवढ्या लांब जायचंच नाही. फक्त भाजी आणायला सायकल हवी. सूनबाई म्हणते जीन्स घाला. जीन्स माझ्याच्यानं होत नाही बाई. पंजाबी ड्रेसवर चालेल का?

बी-३०४ ताई: काकू, चालेल, छान चालेल. जीन्सपेक्षा बरंच. जीन्सच्या शिवणी जाड आणि गुडघा वाकवताना कापड ओढतं. चुडीदार असेल तर उत्तम, सलवार असेल तर उजव्या पायाला घोट्यापाशी पट्टी बांधा. चेन उजवीकडे असते, तिथेच कापड जातं. पलाझो नको.

ओढणीचं मात्र कळकळीनं सांगते. पाठीमागे मोकळी सोडायची नाही. तिरकी घेऊन कमरेला गाठ मारा, नाहीतर घरीच ठेवा. ओढणी चाकात गेली की गळ्यालाच फास बसतो. मोटारसायकलच्या मागच्या चाकाचा निदान निम्मा भाग झाकलेला असावा, असं केंद्रीय मोटार वाहन नियमांत लिहिलंय, ते मागे बसणाऱ्याचा कपडा चाकात जाऊ नये म्हणूनच. साध्या लेडीज सायकलला चेनकव्हर असतं, मागच्या चाकाला जाळी बसवता येते. सूनबाईंच्या गिअरच्या सायकलला दोन्ही नाही. तुमच्यासाठी साधीच घेऊ.

डी-००२ काकू: बरं झालं विचारलं. साडीवर?

बी-३०४ ताई: सहावारीवर नको काकू. निऱ्या चेनकडे जातात. काष्ट्याची नऊवारी असती तर हो म्हटलं असतं, ती दोन्ही पायांना वेगळी बसते.

बी-१०३ सर: साडीवरून आठवलं. ए-१०१ काकांनी काढलेला वाद फार जुना आहे. इंग्लंडात १८८१ साली बायकांच्या सोयीच्या पोशाखासाठी रॅशनल ड्रेस सोसायटी निघाली. लेडी हार्बर्टन तिच्या संस्थापकांतल्या. १८९८ साली त्या ढगळ विजार घालून सायकलवरून ऑखम गावच्या हॉटेलात गेल्या, तर मालकिणीनं त्यांना कॉफीच्या खोलीत बसू दिलं नाही. १८९९ मध्ये खटला उभा राहिला आणि मालकीण निर्दोष सुटली. आज आपण ती विजार पाहिली तर म्हणू, एवढे ढगळ कपडे घालून सायकल चालवली कशी!

ए-१०१ काका: सर, इंग्लंडचं मला काहून सांगता? आपण कुठं उभे आहोत ते बघून माणसानं कपडे घालावेत, एवढंच माझं म्हणणं. परवा कुणीतरी म्हणालं, वेरूळपर्यंत जाणार आहेत. घृष्णेश्वराच्या दर्शनाला याच चड्डीवर जाणार का?

बी-३०४ ताई: काका, हा प्रश्न रास्त आहे. नाही जाणार. आम्ही सगळे पातळ सुती पायजमा सोबत ठेवतो, घडी केली की जर्सीच्या मागच्या खिशात मावतो. देवळाच्या बाहेर शॉर्टवरच चढवायचा. घृष्णेश्वराच्या गाभाऱ्यात पुरुषांना तसंही उघड्या अंगानं जावं लागतं, तेव्हा त्यांची जर्सी बाहेरच. खुलताबादला भद्रा मारुतीच्या देवळात जातानाही पायजमा. तिथल्या दर्ग्यात जाणारे डोक्याला दस्ती बांधतात.

ए-१०१ काका: हे आवडलं. मग चहाच्या टपरीवर बसतानाही तोच पायजमा चढवा, म्हणजे प्रश्न मिटला.

बी-३०४ ताई: टपरीवर नाही चढवणार, काका. तुमचा मान राखून लिहिते. त्याच टपरीवर लुंगी-बनियनवर माणसं बसलेली असतात, त्यांना कुणी काही म्हणत नाही. आमच्यातले दादा लोक शॉर्टवर बसतात, त्यांच्याकडेही कुणी वळून बघत नाही. नजर फक्त मुलींवर येते. त्या नजरेपायी दोन मुलींनी रविवारी येणं सोडलं. आणखी एक म्हणाली, ढगळ ट्रॅकपँटवर येते, आणि ती पँट घाटात चेनमध्ये अडकली. सुदैवानं चढ होता, वेग नव्हता. उतारावर अडकली असती तर? देवापुढं झाकून जाणं मला पटतं. रस्त्यावर लोकांच्या नजरेसाठी धोका पत्करणं मला पटत नाही.

ए-१०१ काका: ट्रॅकपँटचं मला माहीत नव्हतं. टपरीचं माझं मत तेच आहे. पण मुलींनी येणं बंद करू नये.

सी-४०२ दादा: मंडळी, एक वेगळं बोलू का? मी वाळूजला रात्रपाळी करतो, म्हणून बघतो. आपले रात्रीचे वॉचमन दादा रोज हर्सूलकडून सायकलवर येतात. गडद निळा युनिफॉर्म, अंधार, आणि जळगाव रोडचे ट्रक. आपल्यात सगळ्यात जास्त सायकल तेच चालवतात. त्यांच्या कपड्यांवर इथं कुणीच बोललं नाही.

बी-३०४ ताई: दादा, लई महत्त्वाचं बोललात. त्यांना रिफ्लेक्टिव्ह पट्ट्या हव्यात. इथं गल्लत होते म्हणून सांगते: तो भडक पोपटी रंग दिवसाच चमकतो, कारण तो उन्हातल्या अतिनील किरणांवर चालतो. रात्री त्याचा उपयोग नाही. रात्री गाडीच्या दिव्याचा उजेड ड्रायव्हरकडे परत पाठवणारी राखाडी पट्टी लागते. ब्रेव्हेत, म्हणजे २०० किलोमीटर साडेतेरा तासांत अशा ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब राइडमध्ये, अंधार पडला की रिफ्लेक्टिव्ह जॅकेट सक्तीचं असतं.

जॅकेट घ्यायचंच, पण घोट्याच्या पट्ट्या आधी. पायडलबरोबर त्या वरखाली होतात, त्यामुळे पुढे माणूस सायकल चालवतोय हे ट्रकवाल्याला लांबूनच कळतं. शिवाय उजव्या पायाची पँटही आवळली जाते.

डॉक्टर (बी-२०१): माझ्याकडून वॉचमन दादांचं जॅकेट.

सी-२०३: ताई, जर्सी कॅन्सल. घोट्याच्या पट्ट्या मी मागवतो, किती हव्यात?

डी-००२ काकू: माझ्या दोन. आणि सकाळच्या दूधवाल्याला पण द्या, तो चारलाच निघतो.

ए-१०१ काका: दूधवाल्याचे पैसे मी देतो. पेपरवाल्या पोराचेही माझ्याकडेच लिहा.

बी-३०४ ताई: लिहिलं काका. वॉचमन दादांच्या सायकलला मागचा लाल रिफ्लेक्टरही नाही, तो उद्या औरंगपुऱ्यातून आणते. संध्याकाळी सातला पार्किंगमध्ये बसवू, पाना कुणाकडे आहे?

सी-४०२ दादा: माझ्याकडे आहे. येतो.