घुग्गुसची काळी चिमणी: 'नवी जात' की नुसती काजळी?

रानवाटा
दोन दिवस एक पोस्ट फिरतेय. चंद्रपूरच्या कोळसा पट्ट्यातल्या घुग्गुसजवळची काळवंडलेली चिमणी आणि खाली मजकूर, "खाणींमुळे पक्ष्यांची नवी जात जन्माला आली." वाचून डोकं फिरलं. पिसांवर काजळी बसली म्हणून जात बदलत नाही. जुनी पिसं झडली की नवी तपकिरीच येतात.
खरा बदल बघायचा तर फिनलंडच्या हार्यावाल्ताला बघा. तिथे १९४५ च्या सुमारास तांबं वितळवण्याचा कारखाना आला. त्याच्याजवळच्या ग्रेट टिट या पिवळ्या पोटाच्या छोट्या पक्ष्याच्या पिल्लांचा पिवळा रंग फिका पडल्याचं १९९८ मध्ये प्रसिद्ध झालं. हा पिवळा रंग पक्ष्याला स्वतः बनवता येत नाही. तो पानांतून अळीत आणि अळीतून पिल्लात जातो. प्रदूषणाने झाडं खंगली, अळ्या घटल्या, पोट फिकं झालं. हा फरक मोबाइलच्या फोटोत दिसणार नाही.

घुग्गुसवाला
नवी जात वगैरे बकवास, हे खरं. पण "नुसती काजळी"? आमच्याकडे येऊन दोरीवर पांढरा सदरा वाळत घाला, मग बोला. कोळसा भरायच्या रेल्वे सायडिंगच्या कुंपणावर गायबगळा बसतो. मान आणि पाठ राखाडी. पंख उघडला की आतली बाजू पांढरीशुभ्र. तो त्याच हवेत श्वास घेतो, आणि माझी पोरंही.

डिचोलीकर
हार्यावाल्ता ही भट्टी आहे, खाण नव्हे. भट्टीच्या चिमणीतून जड धातू आणि गंधकाचा धूर निघतो. आमच्याकडे गोव्यात लोहखनिजाची तांबडी धूळ असते, पावसात धुऊन जाते. दोन्ही एका तराजूत घालून खाणींच्या नावाने बोंबलायचं सोडा. फेब्रुवारी २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने खाणींच्या लीज रद्द केल्या, मार्चमध्ये खाणी थांबल्या. कर्ज काढून घेतलेला आमचा टिपर दारात उभा राहिला. हप्ते कुठल्या पक्ष्याने भरले?

घुग्गुसवाला
टिपरचं दुःख समजतं. पण त्याच टिपरवर ताडपत्री किती जण बांधतात? आमच्या रस्त्यावर टँकर पाणी मारतो तो साहेब येणार असले की. बाकी दिवस ट्रकमागे काही दिसत नाही. पुतण्याचा अपघात त्याच धुळीत झाला.

डिचोलीकर
सगळे टिपरवाले चोर, असंच ना? मी ताडपत्री बांधायचो. ओव्हरलोड भरायला लावणारे वेगळे असतात, शिव्या चालकाला.

घुग्गुसवाला
चोर कोण म्हणालं? भरणाऱ्याला विचारा म्हटलं तर चालकाची ढाल पुढे करता. धूळ खाणारा तुमच्याही गावात होता, त्याच्याबद्दल एक ओळ लिहा.

पिसारा
ट्रकवरून भांडण पुढे चालू द्या, पण काजळीचा मुद्दा सुटतोय. अमेरिकेच्या औद्योगिक पट्ट्यातले संग्रहालयांत जपलेले १,३०० हून अधिक पक्षी तपासून २०१७ मध्ये दोघा संशोधकांनी १३५ वर्षांच्या काजळीचा आलेख काढला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे पक्षी सगळ्यात मळके. महामंदीत कोळसा कमी जळला तेव्हा पिसंही उजळली. हे कळलं कारण पिसं दरवर्षी झडतात, म्हणजे मळ त्या-त्या वर्षाचाच. रानवाटा ज्याला किरकोळ म्हणतात तो हवेचा हिशेब आहे.
शिवाय रंग फक्त फिकाच होतो असंही नाही. बेल्जियममध्ये अँटवर्पजवळच्या धातू कारखान्यापाशी ग्रेट टिट नरांचा पिवळा रंग कमी, पण छातीवरचा काळा पट्टा रुंद आढळला.

रानवाटा
काजळी मोजावी, मान्य. 'नवी जात' मात्र मान्य नाही, कारण असल्या पोस्ट खोट्या ठरल्या की खाणवाले खऱ्या तक्रारीही त्याच टोपलीत टाकतात. फिनलंडचा अभ्यास इथे जसाच्या तसा होणारही नाही, ग्रेट टिटची आपल्याकडची नातेवाईक राखी वल्गुली, तिला पिवळं पोटच नसतं. हळद्या बघा. खाणीजवळचा आणि खाणीपासून लांबचा, रंग ताडून बघायला शेजारी एकच पांढरं कार्ड धरून फोटो.

घुग्गुसवाला
हळद्या कार्डाशेजारी बसणार आहे का? गायबगळा सायडिंगवर रोज येतो. त्याचे काढतो, पावसाआधी आणि पावसानंतर.

डिचोलीकर
काढा. आमच्याकडचे मी पाठवतो. खाली "टिपरवाल्यांमुळे" लिहिलंत तर मात्र गाठ माझ्याशी आहे.