पावसाळ्याआधी गाडीची पॉलिसी उघडून बघा

(सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा; नावांऐवजी फ्लॅट नंबर)

सी-२०३: रिन्युअल आलंय. गाडीला तीन वर्षं झाली, एक्स-शोरूम दहा लाखांची. एजंट म्हणतोय आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) सहाऐवजी पाच लाख धरू, प्रीमियम उतरेल. धरू का?

ए-७०३: नको. तीन वर्षं उलटली की घसारा ४० टक्के, म्हणजे सहा लाख बरोबर आहे. पाच धरलीत आणि गाडी चोरीला गेली तर सरळ एक लाख कमी. शिवाय दुरुस्ती आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेली की कंपनी टोटल लॉस धरते, म्हणजे गाडी पूर्ण गेली असं समजते. सहा लाखांना ती रेषा साडेचार लाखांवर, पाच लाखांना पावणेचारवर. बिल चार लाखांचं झालं तर दुरुस्त होण्यासारखी गाडी भंगारात जाईल.

सी-२०३: आणि झिरो डेप?

ए-७०३: घ्या. हे जादा कव्हर घेतलं की बदललेल्या भागांचा घसारा कापत नाहीत. साध्या पॉलिसीत प्लास्टिक, रबर, बॅटरी यांचे ५० टक्के तुमच्या खिशातून. आठ हजारांचा बंपर धरा, चार हजार तुमचे, वर सक्तीची वजावट (दर क्लेमला तुम्हीच भरायची रक्कम) १५०० सीसीपर्यंत १००० रुपये, त्यापुढे २०००. काचेला मात्र कपात नाही. झिरो डेपमध्ये वर्षाला किती क्लेम चालतात तेवढं विचारून घ्या, बऱ्याच कंपन्या दोनच देतात.

डी-१०१: मी मागच्या जूनमध्ये नवी घेतली. तीन वर्षांचा इन्शुरन्स आहे, मला काही करायला नको ना?

बी-३०४: ताई, इथेच लोक फसतात. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारला तीन वर्षांची सक्ती आहे ती फक्त थर्ड पार्टीची (टीपी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीची). ओन डॅमेज (ओडी, म्हणजे आपल्या गाडीच्या नुकसानीचं) बहुतेक वेळा एकाच वर्षाचं असतं. पॉलिसीच्या पहिल्या पानावर तारखांच्या दोन जोड्या असतात, दोन्ही बघा.

डी-१०१: बघितलं. टीपी २०२८, ओडी पुढच्या आठवड्यात संपतंय 😳

बी-३०४: मग आजच करा. खंड पडला तर आधी गाडीची तपासणी, आणि ९० दिवस उलटले की एनसीबीही (क्लेम न केल्याबद्दल मिळणारी सूट) गेला.

ए-७०३: बेसमेंटवाल्यांनी इंजिन प्रोटेक्ट हे जादा कव्हरसुद्धा घ्या. पुराचं नुकसान साध्या पॉलिसीत येतं, सीट-वायरिंग वगैरे. पण पाण्यातली गाडी स्टार्ट केली की पाणी सिलिंडरमध्ये ओढलं जातं, ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. हे इंजिनचं नुकसान कंपनी तुमच्या चुकीत धरते. तेव्हा इग्निशनला हात लावू नका. पाण्याची पातळी आणि नंबर प्लेट एकाच फोटोत घ्या, कंपनीला कळवा, टो करून न्या.

सी-२०३: बाहेरून बसवलेलं सीएनजी किट?

बी-३०४: आरसीवर चढवा आणि पॉलिसीतही. किटच्या किमतीच्या साधारण ४ टक्के जादा लागतात. नोंद नसलेलं किट म्हणजे क्लेमला हरकत घ्यायला आयतं निमित्त.

सेक्रेटरी: पंप शनिवारी चालवून बघतोय. तोवर खालच्या गाड्यांच्या किल्ल्या वॉचमनकडे ठेवायच्या का? पाणी आलं तर तो वर काढेल.

ए-७०३: काका, त्याच्याकडे लायसन्स नाही. गाडी हलवताना ठोकली तर ओन डॅमेजचा क्लेम नाकारतील, आणि कोणाला लागलं तर भरपाई मालकाच्या गळ्यात येईल.

सेक्रेटरी: बरं. किल्ल्या नकोत. अलर्ट आला की व्हिजिटर पार्किंग मोकळं करतो, ज्याची त्याने वर आणावी.