मदत हवी आहे: लॉकडाऊनमध्ये केमोची तिसरी सायकल चुकली, मुंबईला जाता येत नाही

भूमकर (२० एप्रिल २०२०)
रुग्ण मावशी, वय ५२, मुक्काम भूम, जि. उस्मानाबाद. स्तनाचा कॅन्सर, ऑपरेशन झाले आहे. पुढे मुंबईत ‘एसी’ (डॉक्सोरुबिसिन आणि सायक्लोफॉस्फमाइड) केमोच्या ४ सायकल, दर २१ दिवसांनी. पहिली २७ फेब्रुवारी, दुसरी १९ मार्च. तिसरी ९ एप्रिलला होती, ती राहिली. एसटी, रेल्वे बंद. गावातले डॉक्टर म्हणतात, औषध आणून द्या, सलाईनमधून लावतो. लावून घ्यावे की लॉकडाऊन उठेपर्यंत थांबावे? रेशनकार्ड केशरी आहे.

डेकेअर_सिस्टर
गावात अजिबात लावू नका. एसीमधले लाल औषध (डॉक्सोरुबिसिन) शिरेबाहेर जरासे झिरपले तरी कातडी आणि खालचे मांस सडते, कधीकधी प्लास्टिक सर्जरीपर्यंत जाते. सलाईन चालू ठेवून ते सिरिंजने सावकाश द्यायचे असते आणि शिरेतून रक्त मागे येते का, हे मधूनमधून बघावे लागते. हात बसलेल्या माणसाचेच काम आहे.

आणि थांबूही नका. ११ दिवस उशीर झाला म्हणून कोर्स पहिल्यापासून करत नाहीत, भरपाई म्हणून डोसही वाढवत नाहीत. रिपोर्ट ठीक असतील तर तिसरी सायकल तिथूनच पुढे सुरू होते.

त्यासाठी मुंबईच हवी असे नाही. बार्शीचे नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल तुम्हाला कितीतरी जवळ आहे. आधी फोन करून डेकेअर (दाखल न होता केमो देतात तो विभाग) सुरू आहे का ते विचारा. मग मुंबईच्या डॉक्टरांकडून व्हॉट्सॲपवर किंवा ईमेलने पत्र मागवा. त्यात उंची, वजन, प्रत्येक औषध किती मिलिग्रॅम दिले, आतापर्यंतचे डॉक्सोरुबिसिन एकूण किती, आधी कुठल्या गोळ्या-इंजेक्शने दिली आणि काही रिअॅक्शन आली का, हे सगळे हवे. सोबत बायोप्सी, ईआर-पीआर-हर२ (गाठ कुठल्या प्रकारची ते सांगणारी तपासणी) आणि २डी इको (हृदयाची सोनोग्राफी). ‘एसी २ सायकल दिल्या’ एवढ्या एका ओळीवर कोणी पुढचा डोस देत नाही, कारण या औषधाचा हृदयावरचा परिणाम साठत जातो.

जाण्याच्या एक-दोन दिवस आधी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), लिव्हर आणि क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) तालुक्यालाच करा. साधारणपणे न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) १५०० च्या वर आणि प्लेटलेट १ लाखाच्या वर लागतात. कमी निघाल्या तर फेरी वाया जाते, म्हणून रिपोर्ट फोनवर दाखवल्याशिवाय गाडी काढू नका.

फाईल_घेऊन_या
बार्शी सोलापूर जिल्ह्यात येते, म्हणजे जिल्हा ओलांडायचा पोलिसांचा परवाना लागेल. कारणात ‘दवाखाना’ एवढेच लिहिले की अर्ज परत येतो. ‘कॅन्सर केमोथेरपी’ लिहा, सोबत हॉस्पिटलचे तारीख दिलेले पत्र जोडा. परतीचा दिवस धरूनच मुदत मागा. पास जाण्यापुरताच असला तर येताना नाक्यावर अडकता.

महात्मा फुले योजनेची (सरकारी मोफत उपचार योजना) मंजुरी हॉस्पिटलगणिक असते. मुंबईत झालेली बार्शीत चालत नाही, तिथे नव्याने घ्यावी लागेल. तिथल्या आरोग्यमित्राला (हॉस्पिटलमध्ये बसणारा योजनेचा माणूस) भेटा. रेशनकार्ड, आधार आणि बायोप्सी रिपोर्ट मूळ प्रतीत न्या. वर्षाला कुटुंबामागे खर्चाची मर्यादा असते, त्यातले मुंबईत किती गेले ते योजनेच्या १५५३८८ या हेल्पलाइनवर विचारा.

भूमकर
केमोच्या दुसऱ्या दिवशीच्या, पांढऱ्या पेशी वाढवायच्या इंजेक्शनसाठी पुन्हा बार्शीला जावे लागेल का? आणि ताप आला तर? इथे तापाचा पेशंट कोणी आतच घेत नाही.

डेकेअर_सिस्टर
पेगफिलग्रास्टिम ६ मिलिग्रॅमचे असेल तर एकच पुरते. केमोनंतर २४ तास झाल्यावरच घ्यायचे, आधी नाही. पोटाच्या कातडीखाली, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या सिस्टर देतील. २ ते ८ अंशांत ठेवायचे. आणताना थर्मासमध्ये, पण बर्फाला चिकटवून नको, फ्रीझरमध्ये तर नकोच. नंतर दोन-तीन दिवस कंबर दुखते. त्यावर पॅरासिटामॉल चालते, फक्त गोळीआधी थर्मामीटर लावा. नाहीतर ताप झाकला जातो.

तापाचे मात्र हलक्यात घेऊ नका. केमोनंतर सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी तळाला असतात. एकदा १०१ फॅरनहाइट किंवा तासभर १००.४ राहिला तर रात्र असली तरी निघायचे. बार्शीहून सुटतानाच पत्र घ्या: ‘केमो चालू, न्यूट्रोपेनियाची (पांढऱ्या पेशी कमी होण्याची) शक्यता, तातडीने सीबीसी, तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक.’ हे पत्र दिसले नाही की तापाचा पेशंट म्हणून थेट कोविडच्या रांगेत उभे करतात. स्वॅब घेऊ द्या, पण त्याच्या रिपोर्टसाठी अँटिबायोटिक थांबता कामा नये.

परांडा_१२
इथेच विचारतो. काकांना तोंडाच्या कॅन्सरसाठी सोलापुरात शेक (रेडिएशन) चालू आहे, ३० पैकी १८ झाले. गर्दीच्या भीतीने दोन आठवडे घरी आणावे का?

रेडिओथेरपी_टेक्निशियन
नाही. शेक थांबला की उरलेल्या पेशी आणखी जोमाने वाढतात, आणि तोंड-घशाच्या कॅन्सरमध्ये खाड्याच्या प्रत्येक दिवसामागे आजार आटोक्यात येण्याची शक्यता साधारण एक-दीड टक्क्याने घसरते. शिवाय दोन आठवड्यांत वजन उतरले की शेक देताना डोके स्थिर ठेवणारा मापाचा मास्क सैल होतो, मग सीटी आणि प्लॅनिंग नव्याने. १२ शेक राहिलेत, ते संपेपर्यंत सोलापुरातच खोली घेऊन राहा. सोबत एकच माणूस. सकाळची पहिली वेळ मागा, तेव्हा वेटिंगला गर्दी कमी असते. मशीन बंद पडून खाडा झालाच तर डॉक्टरांना शनिवारी एक जादा शेक देता येतो, किंवा एकाच दिवशी दोन, पण दोन्हींत किमान ६ तास हवेत. ते तुम्ही होऊन विचारा, गडबडीत राहून जाते.