फ्रीजमधलं काढून ठेवलेलं दूध बाळ थुंकतंय, काय करू?

धायरीची आई: मुलगा साडेपाच महिन्यांचा. अंगावर छान पितो, वजन ७ किलो. १ तारखेपासून हिंजवडीला कामावर रुजू व्हायचंय, जाणं-येणं धरून अकरा तास बाहेर. महिनाभर पंपाने दूध काढून १०० मिलीच्या १४ पिशव्या फ्रीजरला लावल्यात. आता सासूबाई बाटलीने देऊन बघताहेत, तर दोन घोट घेतो, तोंड वेडंवाकडं करतो आणि थुंकतो. तीन निपलं बदलून झाली. दूध वितळल्यावर साबणासारखा वास येतो. खराब झालंय का? की बाटलीच नकोय त्याला? सासूबाई म्हणताहेत गाईचं दूध पाणी घालून सुरू करू.

मृदुला: निपलं बदलण्याआधी नकार कशाला आहे ते ठरवा. नुकतंच काढलेलं दूध त्याच बाटलीत घालून सासूबाईंनाच द्यायला सांगा. तुम्ही घराबाहेर जा. आईचा वास आल्यावर बाटलीकडे कोण बघतंय! प्यायला तर राग दुधावर आहे. तेही थुंकलं तर बाटलीवर.

साबणासारखा वास लायपेजमुळे येतो. हे विकर आईच्या दुधातच असतं आणि स्निग्धांश फोडतं, काहींच्या दुधात जरा जास्तच वेगाने. फ्रीजरमध्ये ते मंदावतं, थांबत नाही. असं दूध बाळाला चालतं, फक्त चव बदललेली असते. आंबट, नासका वास आला तर मात्र ओतून द्या.

शनिवारपेठी: गाईचं दूध वर्षाच्या आत प्यायला नको. त्यात लोह कमी, प्रथिनं आणि क्षार कोवळ्या मूत्रपिंडांना जड, वर पाणी घातलं की पोषणही गेलं. दूध कमीच पडलं तर डॉक्टरांना विचारून पावडरचं द्या, डब्यावरच्या मापानेच. चमचा सुरीने सपाट करायचा. 'पचायला हलकं' म्हणून पातळ केलेलं दूध हे वजन न वाढण्याचं नेहमीचं कारण.

आणि बाटलीवाचून काही अडत नाही. या वयाला छोटी स्टीलची वाटी किंवा घरातलं जुनं बोंडलं चालतं. बाळाला मांडीवर उभं धरायचं, आडवं नाही. वाटीची कड खालच्या ओठावर टेकवायची आणि दूध ओठाला लागेल इतपतच कलती करायची. तोंडात ओतायचं नाही, ठसका तिथेच लागतो. ते स्वतः जिभेने ओढून घेतं. सुरुवातीला निम्मं लाळेऱ्यावर सांडेल. अकरा तासांना साधारण १००-१२० मिलीचे तीन-चार फीड धरा. आल्यावर आणि रात्री ते अंगावर भरून काढतंच.

धायरीची आई: ताजं दूध त्याच बाटलीतून ७० मिली प्यायला! म्हणजे वासच. मग १४ पिशव्या वाया?

मृदुला: टाकू नका. एक भाग जुनं, तीन भाग ताजं असं मिसळून बघा. पितो म्हटलं की प्रमाण वाढवा. ताजं आधी फ्रीजमध्ये गार करायचं, कोमट दूध गार दुधात ओतायचं नाही. तरी नाहीच घेतलं तर सहा महिने पूर्ण झाल्यावर खिमटात, नाचणीच्या सत्त्वात घाला, तिथे वास लपतो. वितळलेली पिशवी फ्रीजमध्ये ठेवून २४ तासांत संपवायची, पुन्हा गोठवायची नाही. उष्टं उरलेलं दोन तासांनंतर नाही.

पुढच्या दुधासाठी आज ५० मिली फ्रीजमध्ये ठेवा आणि दर तीन-चार तासांनी हुंगा. दोन दिवस वास आला नाही तर काहीच करू नका: आज ऑफिसात काढलेलं उद्या द्यायचं, फ्रीजर विसरा. लवकर आला तर गोठवायचं दूध ताजं असतानाच तापवावं लागेल. पातेल्याच्या कडेला बारीक बुडबुडे दिसले की लगेच उतरवा, उकळी नको. पातेलं बर्फाच्या पाण्यात ठेवून गार करा आणि मग पिशवीत. एकदा वास धरला की तापवून जात नाही. तापवल्याने काही गुण कमी होतात, म्हणून गरज असेल तेवढंच.

ऑफिसात काढलेलं दूध लगेच तिथल्या फ्रीजमध्ये, येताना बर्फाच्या पॅकसह थंड पिशवीत. खोलीच्या तापमानाला चार तास हे २५ अंशांपर्यंतचं गणित आहे, एप्रिलच्या दुपारचं नव्हे.

धायरीची आई: बारा तासांतच वास आला. म्हणजे तापवणं आलं. तापवलेल्या पिशव्यांवर तारखेशेजारी 'ता' लिहायला घेतलंय, नाहीतर सासूबाई जुन्याच काढतील.