मदत हवी आहे : जुने संगणक कोणाकडे सोपवावेत?

नमस्कार. नेरूळमधील आमच्या सोसायटीच्या कार्यालयात सहा जुने संगणक पडून आहेत. त्यांपैकी चार मॉनिटर जुन्या पद्धतीचे, शिसे असलेल्या जड काचेचे आहेत. भंगारवाले ते लगेच न्यायला तयार आहेत, परंतु तांब्यासाठी वायरी उघड्यावर जाळल्या की डायऑक्सिनसारखी विषारी द्रव्ये हवेत मिसळतात आणि सर्किट बोर्डांतील सोने काढण्यासाठी वापरलेले आम्ल अनेकदा तसेच नाल्यात सोडले जाते, हे ठाऊक असताना मन धजावत नाही. त्या धुरात राबणाऱ्या माणसांचा विचार तर अधिकच अस्वस्थ करतो. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांप्रमाणे पुनर्चक्रीकरण करणाऱ्यांना नोंदणी बंधनकारक आहे. नवी मुंबईत सोसायटीत येऊन संगणक नेणारी आणि रीतसर पावती देणारी अशी नोंदणीकृत संस्था कोणाच्या अनुभवात आहे का? हार्ड डिस्कवरील सभासदांची माहिती आधी कशी नष्ट करावी, हेही कृपया सांगावे.